पेट्रोलचा उन्हाळा, पेट्रोलचा हिवाळा : एका अदृश्य वाफेचा इतिहास

१/
अमेरिकेच्या मुख्य भूमीवर दरवर्षी १ जून उजाडण्यापूर्वी प्रत्येक पंपावरचे पेट्रोल बदललेले असावे लागते. रंग तोच, नळी तीच, पाटीही तीच. मात्र टाकीत पडणारे मिश्रण फेब्रुवारीतल्या मिश्रणापेक्षा वेगळे असते. १५ सप्टेंबर उलटला की ते पुन्हा बदलू लागते. हा ऋतुबदल पंचांगातला नाही, कायद्यातला आहे. तो कायद्यात कसा आला, त्याआधी हा प्रश्न कोणाचा मानला जात होता आणि एक दोष दूर करताना दुसरा कसा उभा राहिला, याचा मागोवा या धाग्यात घेतला आहे.

२/
प्रथम पदार्थाची ओळख. पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हे. शेकडो हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण असते आणि त्यातला प्रत्येक घटक वेगळ्या तापमानाला उकळतो. पेंटेन ३६ अंश सेल्सिअसला उकळते, तर जड घटकांना २०० अंशांच्या आसपासचे तापमान लागते. सर्वांत हलका महत्त्वाचा घटक म्हणजे ब्यूटेन. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये प्रोपेनच्या जोडीला असतो तोच हा वायू. त्याचा उत्कलनबिंदू शून्याच्याही किंचित खाली आहे. म्हणजे एरवी वायू असणारा पदार्थ पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवलेला असतो आणि संधी मिळताच तो बाहेर पडू पाहतो. या धाग्यातील सारे नाट्य त्याच्या या पळपुट्या स्वभावाभोवती फिरते.

३/
मग तो मिसळायचाच कशाला? कारण इंजिनात द्रवरूप पेट्रोल पेट घेत नाही. पेटते ती हवेत मिसळलेली त्याची वाफ. कडाक्याच्या थंडीत जड घटक द्रवच राहतात. अशा वेळी पहिली ठिणगी पडताच पेट घेईल इतकी वाफ पुरवण्याचे काम हलके घटक करतात. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर बसवला गेला. त्यापूर्वी मोटार सुरू करायची म्हणजे पुढचा दांडा हाताने फिरवावा लागे. बर्फ पडलेल्या सकाळी पेट्रोलची वाफच होत नसेल, तर ते काम किती जिवावर येत असेल याची कल्पना करता येते. पुढच्या काळात कार्ब्युरेटरला ‘चोक’ देण्याची सवय साऱ्या जगातील वाहनचालकांना लागली. तिच्यामागचे कारणही हेच.

४/
उन्हाळ्यात नेमके उलटे घडे. इंजिनाच्या धगीने नळीतले पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचण्याआधीच उकळू लागे. जुने यांत्रिक इंधनपंप द्रव ओढण्यासाठी बनवलेले होते. वाफेचा बुडबुडा आला की त्यांचे काहीच चालत नसे. इंजिन आचके देऊन बंद पडे. याला ‘व्हेपर लॉक’ म्हणत. आपल्याकडेही अँबॅसिडर आणि फियाटच्या जमान्यात घाट चढताना गाडी अशी अडली, की बॉनेट उघडून इंधनपंपावर ओले फडके टाकत. पंप थंड झाला, वाफ पुन्हा द्रव झाली, की गाडी चालू लागे.

५/
तात्पर्य, हिवाळ्यात पेट्रोलमधून वाफ सहज सुटली पाहिजे आणि उन्हाळ्यात ती आवरली पाहिजे. हे साधायचे तर वाफेचे मोजमाप हवे. १९३० च्या दशकात ‘रीड बाष्पदाब’ ही चाचणी रूढ झाली. बंद भांड्यातील पेट्रोल १०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ३७.८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि त्याची वाफ भांड्याच्या भिंतींवर किती दाब देते ते पाहायचे. उत्तर ‘पाउंड प्रति चौरस इंच’ या एककात मिळते. आकडा जितका मोठा, तितके पेट्रोल अधिक उडून जाणारे. पुढे याला आपण नुसते ‘पाउंड’ म्हणू, कारण पुढच्या पन्नास वर्षांतील वादंग याच आकड्यावरून झाले.

६/
तेलशुद्धीकरण कारखान्यांनी ऋतूनुसार पाककृती ठरवून घेतली. हिवाळ्यात ब्यूटेन जास्त, उन्हाळ्यात कमी. अमेरिकेतील मानक संस्थेने बाष्पनशीलतेचे पाच वर्ग आखले. ‘ए’ वर्गाची कमाल मर्यादा ९ पाउंड, ‘सी’ वर्गाची ११.५, तर कडक थंडीसाठीच्या ‘ई’ वर्गाची १५. कोणत्या राज्यात, कोणत्या महिन्यात कोणता वर्ग, याचे कोष्टक तयार झाले. ही सर्व व्यवस्था ग्राहकाच्या सोयीची होती. गाडी सुरू व्हावी आणि वाटेत अडू नये, एवढाच तिचा हेतू. पेट्रोलमधून सुटलेली वाफ पुढे कोठे जाते, हा प्रश्न त्या कोष्टकात कोठेही नव्हता.

७/
तो प्रश्न पहिल्यांदा डोळ्यांत झोंबला तो लॉस एंजेलिसमध्ये. २६ जुलै १९४३ रोजी, ऐन महायुद्धात, शहरावर एक तपकिरी पडदा उतरला. डोळ्यांतून पाणी, घशात जळजळ, आणि दृश्यमानता जेमतेम तीन चौकांपर्यंत. जपानने विषारी वायूचा हल्ला केला की काय, अशी शंकाही काहींना आली. पुढे संशयाची सुई कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन बनवणाऱ्या शहरातील एका कारखान्याकडे वळली. तो काही काळ बंद ठेवण्यात आला. धुरके मात्र कायम राहिले.

८/
लॉस एंजेलिसचा भूगोलही या धुरक्याला अनुकूल होता. एका बाजूला समुद्र, उरलेल्या बाजूंना डोंगर, आणि वर ‘तापमान विपरीतते’चे झाकण. समुद्रावरून आलेल्या गार हवेवर उष्ण हवेचा थर बसला, की खालची हवा वर जाऊ शकत नाही. मात्र धूर कोंडला जाणे ही अर्धीच गोष्ट. लंडनचे किंवा सेंट लुईसचे धुरके कोळशाचे होते, ते हिवाळ्यात दाटे. लॉस एंजेलिसचे धुरके उन्हाळ्यात, स्वच्छ उन्हात, भर दुपारी वाढे. पिके करपत, रबराला चिरा पडत. हा धूर ओळखीचा नव्हता. १९४७ साली तेथे वायुप्रदूषण नियंत्रणासाठी देशातील पहिली जिल्हास्तरीय यंत्रणा स्थापन झाली. तिने आधी गंधकाच्या धुरावर बंधने घातली, पण दुपारची जळजळ थांबली नाही.

९/
कोडे सोडवणारा माणूस भलत्याच क्षेत्रातला होता. आरी हागेन-स्मिट हे मूळचे नेदरलँड्सचे जीवरसायनशास्त्रज्ञ कॅलटेक या संस्थेत अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. फळातून उडून जाणारे अत्यल्प घटक थंड करून पकडणे, हे त्यांचे कसब. त्याच पद्धतीने त्यांनी बाहेरची हवा ओढून घेतली आणि हजारो घनफूट हवेतून काही थेंब तपकिरी, उग्र दर्पाचा द्रव मिळवला. त्यात प्राणवायूशी संयोग पावलेले हायड्रोकार्बन होते. म्हणजे ही घाण कोणत्याही धुराड्यातून जशीच्या तशी बाहेर पडलेली नव्हती. ती हवेतच घडली होती.

१०/
हागेन-स्मिट यांनी मांडलेली प्रक्रिया अशी : मोटारी आणि तेलउद्योग यांतून हायड्रोकार्बनांची वाफ सुटते. ज्वलनातून नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. या दोहोंवर प्रखर सूर्यप्रकाश पडला, की ओझोन आणि डोळ्यांना झोंबणारी इतर संयुगे निर्माण होतात. वातावरणाच्या उंच थरात आपले रक्षण करणारा ओझोन जमिनीलगत फुप्फुसांचा शत्रू ठरतो. १९५२ साली त्यांचा यावरील प्रसिद्ध निबंध छापून आला. उन्हाळाच का, या प्रश्नाचे उत्तरही त्यातच होते. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ सर्वाधिक उडते आणि तिला शिजवणारे ऊनही तेव्हाच सर्वाधिक असते.

११/
तेलउद्योगाला हे निदान मानवणारे नव्हते. उद्योगाच्या पैशावर संशोधन करणाऱ्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने त्यांच्या निष्कर्षांवर शंका घेतली. हागेन-स्मिट डिवचले गेले आणि त्यांनी प्रयोग अधिक काटेकोर केले. वाकवलेल्या रबराच्या पट्टीला चिरा पडायला किती वेळ लागतो, यावरून हवेतील ओझोन मोजण्याची त्यांची पद्धत साधी आणि कोणालाही पटणारी होती. हळूहळू विरोध मावळला. १९६८ मध्ये कॅलिफोर्निया वायुसंसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांचीच नेमणूक झाली.

१२/
आता वाफ निसटण्याच्या जागा एकेक करून शोधल्या जाऊ लागल्या. १९५० च्या दशकात तेल कारखान्यांच्या साठवण टाक्यांवर नजर गेली. कॅलिफोर्नियात १९६१ पासूनच्या मोटारींत इंजिनाच्या तळातून सुटणारी वाफ परत इंजिनात वळवण्यात आली. १९६६ पासून सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरावर मर्यादा आल्या. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात आणि १९७१ मध्ये देशभर, मोटारीच्या टाकीतून व कार्ब्युरेटरमधून उडणाऱ्या वाफेची पाळी आली. त्याच १९७१ साली कॅलिफोर्नियाने एक वेगळे पाऊल टाकले : उन्हाळी पेट्रोलचा बाष्पदाब ९ पाउंडांच्या आत असलाच पाहिजे, असा नियम केला. आजवर केवळ सोयीची असलेली ऋतूची पाककृती येथे प्रथमच सार्वजनिक आरोग्याचा विषय झाली.

१३/
मोटारीतील वाफ पकडण्याची युक्ती मोठी देखणी होती. सक्रिय कोळशाने भरलेला एक डबा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीची टाकी तापली की वाफ फुगून बाहेर येते. ती या कोळशात शोषली जाते. पुढे इंजिन सुरू झाले की त्याच डब्यातून हवा ओढली जाते, अडकलेली वाफ इंजिनात जाऊन जळते आणि कोळसा पुन्हा रिकामा होतो. अट इतकीच, की डब्याच्या कुवतीपेक्षा जास्त वाफ येता कामा नये. डबा भरला, की उरलेली वाफ सरळ हवेत.

१४/
आणि येथेच एक मोठी फट राहून गेली. नव्या मोटारीला विक्रीची परवानगी देण्यापूर्वी सरकार तिची चाचणी घेई. ती चाचणी सुमारे ९ पाउंड बाष्पदाबाच्या प्रमाणित पेट्रोलवर होई. उत्पादक डबाही तेवढ्याच वाफेच्या हिशेबाने बनवत. पंपावर मिळणारे पेट्रोल मात्र तसे नव्हते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ‘सी’ वर्गाच्या प्रदेशांत भर उन्हाळ्यात ते ११.५ पाउंडांच्या घरात पोहोचले होते. प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेली गाडी रस्त्यावर रोज नापास होत होती. दोष एकट्या गाडीचा नव्हता, एकट्या पेट्रोलचाही नव्हता. तो दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत होता आणि त्या जागेची जबाबदारी कोणाकडेच नव्हती.

१५/
पेट्रोल इतके उडते का झाले? याचे एक कारण दुसऱ्याच सत्कृत्यात दडले होते. १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले जाई. त्यामुळे ऑक्टेन वाढे आणि इंजिन ठोके देत नसे. पण शिसे विषारी; शिवाय १९७५ च्या मॉडेलपासून आलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ते निकामी करी. सरकारने ते टप्प्याटप्प्याने हटवले. शिसेयुक्त पेट्रोलमधील मर्यादा १९८५ च्या जुलैत गॅलनमागे १.१ ग्रॅमवरून ०.५ वर आणि १९८६ च्या जानेवारीत ०.१ वर आली. मुलांच्या रक्तातील शिसे कमी झाले, हा विसाव्या शतकातील सार्वजनिक आरोग्याचा एक मोठा विजय होय. पण गेलेले ऑक्टेन कोठून तरी भरून काढायचे होते.

१६/
कारखानदारांपुढे अनेक पर्याय होते. त्यांतला स्वस्त पर्याय म्हणजे ब्यूटेन. त्याचे ऑक्टेन चांगले, किंमत कमी आणि पुरवठा मुबलक. प्रत्येक गॅलनमध्ये जितके ब्यूटेन मुरवता येईल, तितका नफा अधिक. शिसे बाहेर पडले आणि त्याच्या जागी वाफ आली. विष जमिनीवरून आणि रक्तातून हटले, ओझोनची कच्ची सामग्री हवेत वाढली. कोणी कट रचला नव्हता. एका नियमाने बंद केलेल्या दारातून उद्योग बाहेर पडला आणि शेजारच्या उघड्या दारातून आत आला, इतकेच.

१७/
१९८७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने बाष्पदाबावर राष्ट्रीय मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. मग ठरलेला वाद रंगला. मोटार उत्पादकांचे म्हणणे, पेट्रोल कमी उडणारे करा. तेल कंपन्यांचे म्हणणे, गाडीतले डबे मोठे करा. पेट्रोल भरताना सुटणारी वाफ पंपावरच्या नळीने पकडायची की गाडीतल्या डब्याने, यावरही हेच दोन पक्ष आमनेसामने होते. दोन्ही बाजूंच्या तांत्रिक युक्तिवादांत तथ्य होते. म्हणूनच ‘खर्च कोणी सोसायचा’ हा खरा प्रश्न वर्षानुवर्षे तांत्रिक भाषेच्या आड राहू शकला. दरम्यान १९८८ चा उन्हाळा आला. देशाच्या पूर्व भागात तो इतका तापला, की शहरामागून शहरांत ओझोनची मर्यादा ओलांडली गेली.

१८/
मार्च १९८९ मध्ये पहिला राष्ट्रीय नियम जाहीर झाला आणि त्याच उन्हाळ्यापासून लागू झाला. राज्य व महिना पाहून १०.५, ९.५ किंवा ९ पाउंड अशी कमाल मर्यादा ठरली. १९९२ पासून दुसरा टप्पा आला : सर्वत्र ९ पाउंड, आणि ओझोनची मर्यादा ओलांडणाऱ्या दक्षिणेकडील उष्ण भागांत ७.८. कॅलिफोर्निया आणखी पुढे गेले. १९९६ मध्ये तेथील उन्हाळी मर्यादा ७ पाउंडांवर आली. चाचणीचे पेट्रोल आणि पंपावरचे पेट्रोल यांच्यातील दरी अखेर बुजली. वाहनात बसवायच्या, इंधन भरतानाची वाफ पकडणाऱ्या यंत्रणेचा नियमही १९९४ मध्ये झाला आणि १९९८ च्या मॉडेलांपासून ती येऊ लागली. म्हणजे शेवटी भार दोघांनाही उचलावा लागला.

१९/
या नियमाने तेलउद्योगाला एक नवे वार्षिक वेळापत्रक दिले. १ मेपासून कारखाने, पाइपलाइन आणि साठवण केंद्रांतील माल उन्हाळी हवा. १ जूनपासून पंपांवरचाही. जुने हिवाळी पेट्रोल टाकीत शिल्लक राहिले तर नवे त्यात मिसळून बिघडते, म्हणून वसंतात साठे मुद्दाम खाली आणले जातात. ब्यूटेन बाहेर काढल्यावर त्या जागी महाग घटक घालावे लागतात. साठा कमी आणि माल महाग, अशा दुहेरी कारणाने वसंतात भाव चढण्याकडे कल असतो. सप्टेंबरच्या मध्यानंतर बाजूला साठवलेले ब्यूटेन पुन्हा मिश्रणात शिरते. वरवर पाहता बाजाराची लहर वाटणाऱ्या चढउतारामागे अशा रीतीने दुपारच्या उन्हाचे रसायनशास्त्रही असते.

२०/
येथवर उन्हाळ्याची कथा झाली. हिवाळ्याचा स्वतंत्र आजार होता आणि तो डेन्व्हर शहरात ठळकपणे दिसला. समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवरची विरळ हवा. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळते. ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. थंडीत तोही जमिनीलगत कोंडतो. उपाय असा सुचला, की पेट्रोलमध्येच प्राणवायू असलेले द्रव्य मिसळावे, म्हणजे हवा अपुरी असली तरी ज्वलन अधिक पूर्ण होईल. जानेवारी १९८८ मध्ये कोलोरॅडोने असे हिवाळी पेट्रोल सक्तीचे केले. देशातील तो पहिला प्रयोग होता.

२१/
१५ नोव्हेंबर १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी स्वच्छ हवा कायद्यातील मोठ्या दुरुस्त्यांवर सही केली. त्यानुसार १९९२ च्या हिवाळ्यापासून कार्बन मोनॉक्साइडने ग्रासलेल्या भागांत पेट्रोलमध्ये वजनाने २.७ टक्के प्राणवायू आवश्यक झाला. १९९५ पासून ओझोनची सर्वाधिक झळ बसलेल्या शहरांत ‘पुनर्रचित पेट्रोल’ वर्षभर सक्तीचे झाले. त्यातही २ टक्के प्राणवायू हवा होता. हा प्राणवायू देणारी दोन मुख्य द्रव्ये : मक्यापासूनचे इथेनॉल आणि कारखान्यात बनणारे एमटीबीई. किनारी राज्यांतील कारखानदारांनी बहुतांशी एमटीबीई निवडले. ते पाइपलाइनमधून सहज जाई आणि बाष्पदाबही फारसा वाढवत नसे.

२२/
एमटीबीईचा दोष हवेत नव्हता, पाण्यात होता. पेट्रोलच्या इतर घटकांपेक्षा ते पाण्यात कितीतरी सहज विरघळते आणि लवकर विघटित होत नाही. पंपांच्या भूमिगत टाक्या कोठे ना कोठे गळत होत्याच. आता त्या गळतीतून हे द्रव्य भूजलात दूरवर पसरू लागले. त्याचा अगदी अल्प अंशही पाण्याला टर्पेंटाइनसारखा वास आणतो. १९९६ मध्ये सांता मोनिका शहराला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि सुमारे निम्मा पाणीपुरवठा गमवावा लागला. मार्च १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी एमटीबीई हद्दपार करण्याचा आदेश काढला. २००३ अखेर ते तेथून गेले. शिसे काढले तेव्हा वाफ वाढली होती. हवा सुधारू गेले तेव्हा विहिरी बाटल्या.

२३/
जागा इथेनॉलने घेतली. इथेनॉलची खोडी अशी, की ते स्वतः फारसे उडणारे नसले तरी १० टक्के मिसळले की संपूर्ण मिश्रणाचा बाष्पदाब सुमारे १ पाउंडाने वाढतो. १९९० च्या कायद्याने या मिश्रणाला तेवढी सवलत देऊन टाकली : इतरांना ९, तर यांना १०. ही सवलत शास्त्राची नव्हे, शेतीप्रधान राज्यांच्या राजकारणाची होती. पुढे १५ टक्के मिश्रण आले. त्याचा बाष्पदाब १० टक्क्यांच्या मिश्रणाहून किंचित कमीच भरतो, तरी कायद्याच्या शब्दांत ते बसत नव्हते. २०१९ मध्ये संस्थेने त्यालाही सवलत दिली. २०२१ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. २०२२ च्या उन्हाळ्यापासून आणीबाणीची तात्पुरती सूट देऊन मार्ग काढला जाऊ लागला.

२४/
सूट देण्याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र २००५ चे. २९ ऑगस्टला कतरिना चक्रीवादळ आखाती किनाऱ्यावर आदळले. तेथील तेल कारखाने आणि पाइपलाइन ठप्प झाल्या. ३१ ऑगस्टला सरकारने देशभरासाठी उन्हाळी बाष्पदाबाचा नियम १५ सप्टेंबरपर्यंत स्थगित केला. हिवाळी पेट्रोल दोन आठवडे आधीच विकण्यास मुभा मिळाली, कारण ब्यूटेन घातले की त्याच कच्च्या मालातून अधिक गॅलन निघतात. टंचाई आणि धुरके यांत त्या पंधरवड्यापुरते धुरके पत्करले गेले. शुद्ध हवेची किंमत गॅलनांत मोजली जाते, हे एरवी झाकलेले सत्य त्या दिवसांत उघड्यावर आले.

२५/
भारतात काय? भारत स्टेज ४ च्या काळातील आयएस २७९६ या मानकात इथेनॉलविरहित पेट्रोलचा बाष्पदाब वर्षभर कमाल ६० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ८.७ पाउंड, असा ठरवलेला होता. आपल्याकडे बहुतांश प्रदेशात गोठवणारी थंडी नसल्याने हे शक्य होते. ऋतूचा उल्लेख त्याच मानकातील ‘व्हेपर लॉक निर्देशांका’त सापडतो : मे ते जुलै या महिन्यांत कमाल ७५०, इतर महिन्यांत ९५०. नावावरूनच हेतू कळतो. अमेरिकेच्या उन्हाळी नियमाचा केंद्रबिंदू शहराची हवा आहे. या निर्देशांकाचा केंद्रबिंदू घाटात अडणारी गाडी होती. एकाच वाफेला मोजण्यामागे दोन वेगळ्या काळज्या असू शकतात, त्या अशा.

२६/
या इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ब्यूटेन कधीच बदलले नाही. १९३५ मध्ये ते जसे उडत होते, तसेच आजही उडते. बदलले ते त्याच्या वाफेचा जमाखर्च ठेवणारे वहीचे पान. ज्या काळी फक्त ‘गाडी सुरू होते का’ हे मोजले जाई, त्या काळी वाफ ही सोय होती. हवेतला ओझोन मोजला जाऊ लागला, तेव्हा तीच वाफ अपराधी ठरली. चाचणीचे पेट्रोल मोजले गेले आणि पंपावरचे राहून गेले, तेव्हा ती कागदावर निर्दोष राहिली आणि फुप्फुसांत गेली.

२७/
म्हणून कोणत्याही प्रदूषणनियमाचा इतिहास वाचताना मर्यादेचा आकडा पाहून थांबू नये. तो आकडा कोणत्या नमुन्यावर, कोणत्या ऋतूत, कोणाच्या खर्चाने मोजला गेला, हेही पाहावे. लॉस एंजेलिसचे धुरके पहिल्यांदा उतरले १९४३ मध्ये. त्यातील पेट्रोलच्या वाफेची रसायनशास्त्रीय उकल झाली १९५२ मध्ये. आणि पंपावरच्या उन्हाळी पेट्रोलवर राष्ट्रीय मर्यादा आली १९८९ मध्ये. पहिल्या नऊ वर्षांचे अंतर अज्ञानाचे होते. त्यानंतरच्या सदतीस वर्षांना ते नाव देता येत नाही.